मान्य व कबूल नाही

आपल्याला भाऊ नाही, हे ताईला कोर्टात कळलं. दुपारची सुट्टी जवळ आली होती. खोलीतल्या निम्म्या लोकांचं लक्ष घड्याळाकडे आणि उरलेल्यांचं आपापल्या फोनकडे होतं. कर्ज देणाऱ्या कंपनीचा वकील, तरुण, गुळगुळीत दाढी केलेला, कागद डोळ्यांपासून जरा लांब धरून वाचत होता. वाचता वाचता तो थांबला आणि म्हणाला, "आता पुढची गंमत पाहा. पहिला प्रतिवादी हा आपला सख्खा भाऊ आहे, हेसुद्धा या बाईंनी नाकारलंय." मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मोठ्यानं नव्हे, नाकातून सुटावं तसं. ताईनं वळून पाहिलं नाही. तिच्या मनात त्या क्षणी आलं ते एवढंच, की या पोराच्या वरच्या डाव्या सुळ्यावर कुणीतरी कॅप बसवलीय आणि तिचा रंग चुकलाय. शेजारच्या दातापेक्षा जास्त पांढरा. आपल्या हातून असा गेला नसता. मग तो विचार संपला आणि त्याच्यामागं दुसरा काही आलाच नाही. जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं.

तिला सगळेच ताई म्हणत. दातांचे डॉक्टर, त्यांच्या दवाखान्यांत फोन उचलणाऱ्या मुली, पार्सल नेणारा माणूस, खालचा चावीवाला, चावीवाल्याची तिच्यापेक्षा वयानं मोठी बायको. दोन खोल्यांत ती एकटी राहत होती. मागच्या खोलीत झोपायची आणि पुढच्या खोलीत दात बनवायची. कवळ्या, कॅपा, कधी एखादा सुटा दात. अर्ध्या शहराची ताई असलेली बाई कुणाची बहीण लागते की नाही, हे ठरवायला आज तीन काळे कोट आणि एक शिपाई जमले होते. आणि ठरायचं होतं ते तेवढंच नव्हतं. भावाच्या कर्जाला ती जामीन राहिली होती आणि या दोन खोल्या तिनं तारण लिहून दिल्या होत्या. आज तिचा बचाव टिकला, तर पुढं साक्षीपुरावे होणार होते, तिला पिंजऱ्यात उभं राहून तोंड उघडता येणार होतं. कंपनीचा अर्ज होता की हा बचाव बचावच नाही, तो काढून टाका, साक्षीबिक्षी काही नको, कागदावरूनच निकाल द्या. तसं झालं की खोल्या लिलावात जाणार. इतकं साधं होतं ते. ताईला ते तोंडपाठ झालं होतं, आणि तरी सकाळी घरातून निघताना तिनं एका कवळीचं मेण वितळायला नको म्हणून खिडकीचा पडदा ओढून घेतला होता, म्हणजे संध्याकाळी परत येऊन ती पुढचं काम करणारच होती.

न्यायाधीशबाई हसल्या नव्हत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "वकीलसाहेब," त्या ताईच्या वकिलांना म्हणाल्या, "पहिले प्रतिवादी तुमच्या अशिलांचे भाऊ आहेत की नाहीत?" वकीलसाहेब गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले. "आम्ही ते नाकारलेलं आहे, बाईसाहेब." "ते मी वाचलं. मी विचारतेय, आहेत की नाहीत." वकीलसाहेबांच्या तोंडात खालची कवळी किंचित सरकली आणि टक् असा बारीक आवाज झाला. तो आवाज ओळखणारी त्या खोलीत ताई एकटीच होती, कारण कवळी तिनंच केली होती. फी परवडणार नव्हती म्हणून वरचा आणि खालचा असे दोन्ही संच तिनं त्यांना करून दिले होते, जुनी ओळख म्हणून वकीलसाहेबांनी ते चालवूनही घेतलं होतं. म्हणजे आज तिचेच दात तिची बाजू मांडत होते. त्यातही खालचा संच सैल. हिरडी फार झिजलीय तुमची, थोडा त्रास होईल, असं तिनं त्यांना तेव्हाच सांगितलं होतं. वकीलसाहेब म्हणाले होते, आमच्या धंद्यात तोंड फारसं उघडावं लागत नाही हो, सगळं लिहूनच द्यायचं असतं.

लिहून दिलं होतं तेही त्यांनीच. त्यांच्या ऑफिसात पंखा होता पण तो लावायचा नसे, कागद उडतात म्हणून. ताई रुमालानं गळा टिपत बसली होती आणि सगळं सांगत होती, पहिल्यापासून, न थांबता, आणि वकीलसाहेब डोळे मिटून ऐकत होते. ते झोपले की काय असं वाटून ती मध्येच थांबली, तर डोळे न उघडता म्हणाले, "बोला, बोला, ऐकतोय." मग तिनं उरलेलं सांगितलं. धाकट्यानं दात कोरायचं मशीन घ्यायचं डोक्यात घेतलं. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं आणि मशीन आपोआप दात कोरून देणार. तू हातानं किती दिवस घासत बसणार, ताई? मशीन आलं. बाबांचं टेबल हलवून त्या जागी बसवलं. थोडे दिवस चाललं, बरं चाललं, मग त्याचा कोरायचा भाग एकसारखा अडकायला लागला, माणूस यायचा, तेल घालायचा, जायचा. हप्ते थकले. मग एका दुपारी कंपनीचे साहेब दोन हमाल घेऊन आले आणि मशीन घेऊन गेले. "ताई, मशीन गेलं, खातं संपलं, आता निवांत राहा," असं ते साहेब तिच्याच खुर्चीवर बसून, तिचाच चहा पिऊन म्हणाले होते. धाकटा तिथंच होता. त्यानं दार धरलं होतं, मशीन बाहेर काढताना चौकटीला लागू नये म्हणून. त्यानंतर तिनं फरशी पुसली, टेबल परत जागेवर ओढलं आणि खरंच निवांत राहिली, थेट समन्स येईपर्यंत. दाव्यात लिहिलं होतं की मशीन प्रतिवादींच्याच ताब्यात आहे आणि सगळी रक्कम व्याजासकट येणं आहे.

वकीलसाहेबांनी डोळे उघडले. "झालं सांगून? छान. आता हे सगळं पोटात ठेवा." ताईला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. "पोटात? अहो, हेच तर आहे सांगण्यासारखं." तेव्हा त्यांनी तिला समजावलं होतं, शाळेतल्या मास्तरांसारखं, मायेनं. मशीन परत नेलं म्हटलं की मशीन आलं होतं हे आपणच कबूल केलं. मशीन आलं होतं म्हटलं की कर्ज कबूल. कर्ज कबूल म्हणजे जामीनकीची सही कबूल. "तुम्ही एक बोट दिलंत की ते हात ओढणार. आपण काही म्हणजे काही कबूल करायचं नाही. त्यांना सिद्ध करू दे. सिद्ध करता करता त्यांचे वकील म्हातारे होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय." आणि मग त्यांनी समोर टाइप करायला बसलेल्या मुलीला मजकूर सांगायला सुरुवात केली, हातात कंपनीचा दावा धरून, एकेका कलमावर अंगठा ठेवत. कलम एकमधील मजकूर खोटा असून या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. कलम दोनमधील मजकूर खोटा असून या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही. ताईनं दाव्याची प्रत चाळली. कलम एकमध्ये तिचा पत्ता होता. कलम दोनमध्ये लिहिलं होतं की पहिला प्रतिवादी हा दुसऱ्या प्रतिवादीचा सख्खा धाकटा भाऊ. "अहो, पण तो माझा भाऊ आहेच की," ती म्हणाली. "आहेच हो," वकीलसाहेब म्हणाले. "नाही कोण म्हणतंय? हे फक्त कागदावर." मुलीची बोटं थांबली नाहीत. तो मजकूर तिनं आधी कुठंतरी साठवूनच ठेवलेला असावा, कारण ती फक्त कलमांचे आकडे बदलत होती.

नाकारणं ताईला तसं नवीन नव्हतं. धाकटा झाला तेव्हा ती चांगली मोठी होती, त्याला कडेवर घेऊन फिरण्याइतकी. आईची तब्येत कायम तोळामासा, बाबा कायम दातांच्या साच्यांच्या प्लास्टरमध्ये बुडालेले, त्यामुळं तो वाढला तो हिच्याच कमरेवर. शेजारची काच फुटली की तो येऊन हिच्या मागं उभा राहायचा, हिच्या फ्रॉकचा पट्टा मुठीत घट्ट धरून, आणि ही समोरच्याला सांगायची, हा नव्हताच तिथं, हा माझ्याबरोबर होता. पुढं शाळेतून चिठ्ठी आली तेव्हाही हा नव्हताच. कॉलेजच्या सहलीचे पैसे गेले तेव्हाही नव्हताच. पहिली नोकरी गेली तेव्हा तर तिनं बाबांना असं काही समजावलं, की नोकरीच त्याला सोडून गेली असं बाबांना वाटलं. तिच्या नाही म्हणण्यावर तो लहानाचा मोठा झाला होता. दरवेळी तिचं नाही लोकांनी चालवून घेतलं, कारण ताई खोटं कशाला बोलेल? आणि आता एवढ्या वर्षांनी, पहिल्यांदाच, ती कागदावर नाही म्हणाली होती आणि एका अनोळखी बाईंनी चष्मा पुसून विचारलं होतं, की म्हणजे नक्की काय?

धाकटा आज आला नव्हता. त्याला यायची गरजच उरली नव्हती. मागच्याच तारखेला त्यानं आपलं उत्तर दिलं होतं, वकील न लावता, एका पानाचं. दाव्यातलं सगळं मान्य. कंपनीच्या तरुण वकिलानं आता ते पान काढलं आणि वाचलं. "दुसऱ्या प्रतिवादी या माझ्या सख्ख्या मोठ्या भगिनी असून त्यांनी सर्व मजकूर वाचून, समजून, स्वखुशीने माझ्यासमक्ष सही केली आहे." भगिनी. हा शब्द त्याला कुणीतरी सांगितला असणार, तो कधी असं बोलत नाही. पुढचं वाक्य होतं की मशीन कंपनीनं कधीही परत नेलेलं नाही. ताईनं ते ऐकलं, म्हणजे कानावर पडलं. पण ती अजून मागच्या वाक्यापाशीच होती. तिनं त्याला कागदावर भाऊ मानला नव्हता आणि त्यानं तिला बहीण म्हणून लिहून दिली होती, शिक्क्यासकट. त्या सबंध खोलीत तिच्यावतीनं आलेला प्रत्येक शब्द खोटा होता. तिच्याविरुद्ध आलेले शब्द मात्र, एक वाक्य सोडलं तर, सगळे खरे होते. आणि खरे शब्द तिला रस्त्यावर आणणार होते. रडू येईल असं तिला वाटलं, पण आला तो राग. तोही स्वतःच्या हातांचा. मांडीवर पडून होते नुसते, भेगांत प्लास्टर बसलेले, घासून न निघणारे हात.

वकीलसाहेब आता धडपडायला लागले होते. आयुष्यभर चाललेली त्यांची रीत आज चालत नव्हती आणि ते त्यांच्या मानेवरून दिसत होतं, मान कॉलरमध्ये लाल झाली होती. "बाईसाहेब, मुळात मशीन कंपनीनंच परत नेलेलं आहे. माझ्या अशिलांच्या डोळ्यांदेखत. त्याची किंमत वजा केलेली नाही." न्यायाधीशबाईंनी पान उलटलं. "कुठलं मशीन?" "कर्जावर घेतलेलं." "पण तुमच्या लेखी कैफियतीत कलम पाचच्या उत्तरात लिहिलंय की कुठलंही मशीन आलंच नाही. कलम सहाच्या उत्तरात लिहिलंय की सही तुमच्या अशिलांची नाही. आलंच नाही ते परत कसं गेलं, वकीलसाहेब?" प्रश्नात टोचणी नव्हती. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं, असं ताईला वाटलं. म्हणून ती उभी राहिली. आपण उभे राहतोय हे तिला उभं राहिल्यावर कळलं. बाक मागं सरकल्याचा आवाज झाला. "मी सांगू का?" ती म्हणाली. तिचा आवाज ठीक होता, कापला नाही. सगळं तिच्या जिभेवर आलं होतं, हमालांपैकी एकाच्या पायातली चप्पल तुटली होती हेसुद्धा. न्यायाधीशबाईंनी तिच्याकडे पाहिलं, चांगल्या नजरेनं पाहिलं. "तुमचे वकील आहेत ना? ते बोलतायत. बसा तुम्ही." शिपायानं हातानं खाली बसायची खूण केली. ताई बसली. घराबाहेर कुणी बस म्हटलं की बसायची सवय.

निकाल सांगायला फार वेळ लागला नाही. नुसता इन्कार म्हणजे बचाव नव्हे. पत्ता, नातं, स्वतःची सही इथपर्यंत सरसकट सगळं नाकारलेलं असल्यानं ही कैफियत विश्वासार्ह नाही. खऱ्या वादाचा मुद्दा दाखवलेला नाही. दुसऱ्या प्रतिवादीचा बचाव काढून टाकण्यात येत आहे, दावा मंजूर. बाई सांगत होत्या आणि खाली बसलेला माणूस टाइप करत होता. टाइप करता करता त्यानं जांभई दिली, आणि ताईनं पाहिलं, खालच्या दोन दाढा नाहीत, उजवीकडच्या. शेवटी न्यायाधीशबाई जरा थांबल्या. लिहून घेणाऱ्याला हात करून थांबवलं आणि वकीलसाहेबांना वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "मशीन परत नेल्याचं जे तुम्ही आता म्हणालात, त्याला काही आधार असेल, त्या वेळी हजर असलेल्या कुणाचं प्रतिज्ञापत्र असेल, तर मुदतीत फेरविचाराचा अर्ज करा. मी पाहीन." मग पुढचा पुकारा झाला. ताईला बाकावरून उठून जागा करून द्यावी लागली, कारण पुढच्या दाव्यातले लोक येऊन उभे होते.

बाहेर जिन्यात वकीलसाहेब भिंतीला टेकले. कवळी काढून त्यांनी रुमालात धरली होती, त्यामुळं ते एकदम फार म्हातारे दिसत होते. "पूर्वी चालायचं हो," ते बोळक्या तोंडानं म्हणाले. "इतकी वर्षं चाललं." ताईला त्यांना खूप बोलायचं होतं. तोंडावर सांगायचं होतं की तुम्ही माझा गळा कापलात, मी खरं सांगत होते, तुम्ही ते माझ्या घशात परत कोंबलंत. पण कवळी न लावलेल्या माणसाशी भांडणं तिच्यानं कधी झालं नव्हतं. "हिरडीला लागतेय का?" तिनं विचारलं. "लागते थोडी." "या मग, घासून देते." मग ते म्हणाले, की आता एकच माणूस आहे. धाकट्यानं लिहून द्यायला हवं. आपण होतो, मशीन त्यांनी नेलं, आधीची कबुली दबावाखाली दिली. एवढं दिलं त्यानं, तर बाई ऐकतील. "त्या बऱ्या आहेत," ते म्हणाले. "मी मजकूर तयार ठेवतो. त्याची सही तेवढी आणा."

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी तिनं धाकट्याला फोन केला. त्यानं पहिल्यांदा उचलला नाही, मग उचलला आणि खूप बोलला. कंपनीच्या माणसानं त्याला सांगितलं होतं, सगळं कबूल कर, तुझ्याकडून आम्ही काय घेणार आहोत, तुझ्या मागं लागणार नाही. "ताई, माझ्याकडे आहे काय? तू बघतेस ना. मी नाही म्हटलं असतं तरी तुझ्याच खोल्यांवर आले असते ते." "पण मशीन नेलं ना रे त्यांनी?" "आता मी उलटलो तर मलाच आत टाकतील. खोटं लिहून दिलं म्हणून. तुला चालेल का ते?" तुला चालेल का ते. लहानपणी फ्रॉकचा पट्टा ओढायचा ना, तसंच. तिनं फोन ठेवला आणि कामाला बसली. एका आजींचा वरचा संच होता. आजींनी मुद्दाम सांगितलं होतं, की एकसारखे मोत्यासारखे दात नको गं बाई, माझा एक समोरचा थोडा तिरका होता, तसाच कर, नाहीतर माझा म्हातारा मला ओळखायचा नाही. ताईनं तो दात मेणात केसभर फिरवला. पुन्हा फिरवला. सरळ दात लावणं सोपं असतं. माणसाचा खरा वाकडेपणा पकडायला वेळ लागतो. हे बाबांनी शिकवलं होतं, याच टेबलावर. लिलावात टेबल धरतात की नुसत्या भिंती, हे तिनं वकीलसाहेबांना विचारलं नव्हतं.

मुदत संपत आली तसं तिच्या लक्षात आलं की आपण घर वेगळ्या नजरेनं बघायला लागलोय. नळ, खिडकी, मागच्या खोलीतला ओलीचा डाग, जो आता दुसऱ्या कुणाचा तरी होणार. डागाबद्दलही तिला वाईट वाटायला लागलं आणि मग त्या वाईट वाटण्याचा राग यायला लागला. डॉक्टर कामं पाठवत होते. ती घेत होती, पुढच्या महिन्याच्या तारखा देत होती. खालच्या चावीवाल्याच्या बायकोनं विचारलं, काय झालं गं कोर्टाचं? ती म्हणाली, चाललंय. हेही नाकारणंच. सकाळी उठून तोंड धुताना आरशात ती स्वतःच्या तोंडातल्या तोंडात सगळं सांगून बघायची, त्या न्यायाधीशबाईंना, पहिल्यापासून, आणि दरवेळी ते जास्त नीट जमायचं. हमाल, चप्पल, चहा, दार धरून उभा धाकटा. आता तिला ते इतकं छान सांगता येत होतं की कुणालाही पटलं असतं. ऐकणारं मात्र कुणी नव्हतं.

मुदतीच्या आदल्या संध्याकाळी धाकटा आला. दार उघडंच होतं. तोंडावर रुमाल धरून तो चौकटीत उभा राहिला, आणि तिनं हातातली सुरी खाली ठेवली. आला. सही करायला आला. "ये," ती म्हणाली. "बस. चहा टाकते." "चहा नको, ताई." त्यानं रुमाल काढला. समोरचा वरचा दात मधून तिरका तुटला होता. "न्हाणीघरात घसरलो. उद्या सकाळी नवीन नोकरी सुरू होतेय. घरं दाखवायची असतात लोकांना, विकायला असलेली. असं तोंड घेऊन कसं जाऊ?" त्यानं ओठ मिटून घेतले. मग मिटल्या ओठांनीच हसल्यासारखं केलं. "डॉक्टर म्हणाला आठवडा लागेल. मी म्हटलं, माझी बहीण एका रात्रीत करते."

तिला वाटलं होतं ती ओरडेल. तसं काही झालं नाही. तिनं दिवा ओढून जवळ घेतला, त्याची हनुवटी वर केली आणि पाहिलं. मूळ शाबूत होतं. तुटकी कड घासून वरून तात्पुरतं टोपण बसवता आलं असतं, उद्यापुरतं छान दिसलं असतं. या तोंडातले सगळे दात तिला माहीत होते, कुठला कधी आला, कुठल्यानं ताप आणला. तिनं माप घ्यायचा ट्रे निवडला, वाडग्यात पावडर घेतली, पाणी घातलं आणि लगदा कालवला. "मोठा आ कर. नाकानं श्वास घे. आता बोलायचं नाही आणि हलायचं नाही." ट्रे आत गेला. एक हात तिनं ट्रेखाली धरला आणि दुसरा त्याच्या डोक्यावर ठेवला, लहानपणी डोक्यावरून पाणी ओतताना ठेवायची तसा. लगदा घट्ट व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात करण्यासारखं काही नसतं. खोलीत फक्त त्याच्या नाकातून येणाऱ्या श्वासाचा आवाज होता.

"मशीन त्यांनीच नेलं ना रे?" तिनं विचारलं. विचारायचं ठरवलं नव्हतं. त्याची नजर वर तिच्याकडे आली. मग तिच्या तळहाताखाली त्याचं डोकं हललं. खालीवर. हो. "खातं संपलं म्हणाले होते ना ते साहेब? तू दारात होतास." डोकं परत हललं, हो, हो, जरा जोरातच, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. माप घेताना तसं सगळ्यांच्याच डोळ्यांतून येतं. ती त्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. तिला हवं होतं ते सगळं तिला मिळालं होतं, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर, खरं आणि पूर्ण. याच खोलीत, जिथून मशीन गेलं होतं. तिनं ट्रे हलवून सोडवला आणि बाहेर काढून दिव्याखाली धरला. समोरच्या दातांच्या जागी नुसती फाटलेली, ओढली गेलेली खूण होती.

"काय झालं?" त्यानं तोंड पुसत विचारलं.

"बिघडलं. मान हलली तुझी."

"तूच विचारलंस ना मध्ये."

"हो. आता मान हलवलीस ते लिहून देशील? वकीलसाहेबांकडे मजकूर तयार आहे. उद्या शेवटचा दिवस आहे."

त्यानं खाली पाहिलं. ओठ मिटलेले होते, पण आत जीभ तुटक्या दाताची कड चाचपत होती, ते तिला गालावरून कळत होतं. ती थांबली. तिनं त्याला हवा तेवढा वेळ दिला, न्यायाधीशबाईंनी वकीलसाहेबांना दिला होता त्यापेक्षाही जास्त.

"ताई," शेवटी तो म्हणाला, "सकाळपर्यंत होईल ना गं दात?"

तिनं ट्रेमधला लगदा खरवडून बादलीत टाकला. ट्रे धुतला, पुसला. वाडग्यात पुन्हा पावडर घेतली, पाणी घातलं. "होईल," ती म्हणाली. "आ कर."

या खेपेला तिनं काहीच विचारलं नाही. माप अगदी स्वच्छ आलं.